पाटावरचे खडे

त्या प्रकरणाने माझा पिच्छा अजून सोडलेला नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी एखादं पोर खेळता खेळता धावत येऊन नळाला तोंड लावताना दिसलं की मी जागीच थांबतो. बायको म्हणते, "अहो, साधं पाणी पितंय ते." तिचं बरोबर असतं, पण मी तो नळ कुठल्या टाकीचा आहे हे विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

या हकिगतीत मी कुणाचंही नाव घेणार नाही. बहुतेक माणसं हयात आहेत, आणि त्यांतलं कुणी गुन्हेगार म्हणावं असं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

मी दिल्लीत वाढलेला मराठी माणूस. वडील केंद्र सरकारच्या कचेरीत होते, माझी शाळा पहाडगंजातली मराठी शाळा. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी असं आमचं आयुष्य. पुढे दिल्ली पोलिसांत फौजदार म्हणून लागलो आणि ज्या काळाची ही गोष्ट आहे त्या वेळी शहराच्या कडेला नव्याने वसलेल्या सेक्टरांमधल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. जिकडे पाहावं तिकडे क्रेन, अर्धवट इमारती, नव्याकोऱ्या गाड्या आणि त्यांच्या मधून वाट काढणारे पाण्याचे टँकर. घरं आली, पाणी आलं नाही. रोज सकाळी ठाण्यात पहिली तक्रार टँकरवरून झालेल्या मारामारीची असे. चाळीस लाखांच्या फ्लॅटमधली माणसं बादलीसाठी एकमेकांची गचांडी धरताना मी पाहिली आहेत.

पाण्याची ही बोंब होती म्हणूनच स्थानिक प्रशासनाने एक योजना काढली होती. जी इमारत गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवेल, सौर बंब बसवेल, धुण्याभांड्यांचं पाणी बागेला वापरेल, तिला मालमत्ता करात सूट. शिवाय बांधकामात थोडं जादा चटईक्षेत्र, म्हणजे सरळ भाषेत वर एक मजला जास्त. अट एवढीच की ही सगळी व्यवस्था चालू आहे हे तपासणी समितीला प्रत्यक्ष दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर सूटही गेली आणि वरच्या मजल्याची परवानगीही अधांतरी. योजना चांगली होती. मी आजही तिला चांगलीच म्हणतो.

आमच्या हद्दीत एका सहकारी सोसायटीने ही योजना घेतली होती. सभासद बहुतेक मराठी, केंद्र सरकारच्या वेगवेगळ्या खात्यांत नोकरीला असलेले. सोसायटीचे सचिव निवृत्तीला आलेले अधिकारी होते. टापटीप, शिस्तीचे, जरा जास्तच शिस्तीचे. गच्चीचं पाणी पाइपाने खाली आणून वाळू, खडी आणि कोळशाच्या थरांतून गाळून एका टाकीत सोडलेलं होतं. टाकीला पितळी नळ आणि वर रंगवलेली पाटी: 'वर्षा का शुद्ध जल'. सचिव येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून ती टाकी दाखवत. मलाही एकदा दाखवली होती.

सप्टेंबरातली दुपार होती. पाऊस बरेच दिवस दडी मारून बसला होता आणि घामाने गणवेश अंगाला चिकटत होता. कंट्रोल रूमचा निरोप आला की या सोसायटीत माळ्याने पाण्यात विष घातलंय, एक लहान मुलगी अत्यवस्थ आहे, लोकांनी माळ्याला धरून ठेवलंय.

मी पोचलो तेव्हा माळ्याला आवारातल्या खांबापाशी बसवलेलं होतं. एकदोन थपडा त्याला पडून गेल्या होत्या, हे त्याच्या कानावरून दिसत होतं. सचिवांनी एक पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. कीटकनाशकाचा होता.

"हा बघा पुरावा, साहेब," ते म्हणाले. "यानं फवारणीचा पंप टाकीच्या नळाखाली धुतला असणार. चिऊ तिथलं पाणी प्यायली. बिल्कुल सरळ केस आहे."

मुलीला घरी आणि सोसायटीत सगळे चिऊ म्हणत, तेवढं नाव इथे पुरे. वय सहा-सात वर्षांचं. वडील कार्यालयाच्या कामाने नागपूरला गेलेले. आई शाळेत शिक्षिका. नगरकडचं ख्रिस्ती मराठी कुटुंब, सर्वांत वरच्या मजल्यावर राहणारं. म्हणजे त्याच जादा मिळालेल्या मजल्यावर.

मी डबा जप्त केला, नळातून येणाऱ्या पाण्याचा नमुना बाटलीत घेतला, सील केला. पाणी गढूळ होतं. गाळ बसला असेल, पाऊस नाही ना, असं सचिव म्हणाले. माळ्याला ठाण्यात पाठवून मी इस्पितळात गेलो. प्रयोगशाळेचा अहवाल यायला कित्येक आठवडे लागतात, हे पोलिसांना चांगलं ठाऊक असतं. त्या मुलीकडे तेवढा वेळ नव्हता.

चिऊचा चेहरा लालबुंद झाला होता. अंग तापलेलं, ओठ कोरडे पडून चिरलेले. हात हवेत काहीतरी वेचत होते, जणू पलंगावर दाणे सांडलेत. डोळे उघडे होते, पण आई समोर असून तिला आई ओळखू येत नव्हती. आई तिचा पाय घट्ट धरून बसली होती. मला दोन मुली आहेत. त्या खोलीत मी फार वेळ उभा राहू शकलो नाही.

डॉक्टर पंजाबी बाई होत्या, वयाने तरुण, पण डोकं शांत. त्यांनी मला बाजूला घेतलं. कीटकनाशकावर जे इंजेक्शन देतात ते भरून तयार होतं, पण त्यांनी टोचलं नव्हतं.

"इंस्पेक्टर साहब, कहानी और मरीज़ मेल नहीं खा रहे," त्या म्हणाल्या. "उस दवा से आँख की पुतली सुई की नोक जितनी हो जाती है, मुँह से लार बहती है. इसकी पुतलियाँ पूरी फैली हैं, मुँह सूखा पड़ा है."

"मग दुसरं काही आहे?" मी हिंदीत विचारलं.

"कुछ स्प्रे अलग भी होते हैं, इसलिए पक्का नहीं कह सकती. पेट धो दिया है. लेकिन अगर मैं आपके डिब्बे पर भरोसा करके यह सुई लगा दूँ और ज़हर कोई दूसरा निकले, तो बच्ची को मैं ही मार दूँगी. न लगाऊँ और डिब्बा सही निकले, तब भी. मुझे बताइए इसने क्या पिया है. जल्दी."

माझ्या नोकरीत मला वरिष्ठांनी पुष्कळ वेळा तपासाची मुदत घालून दिली होती. अशी मुदत कुणी घातली नव्हती.

मी आईकडे वळलो. मराठीत बोलल्यावर ती एकदम माझ्याकडे बघायला लागली.

"ताई, चिऊ तुम्हाला काही म्हणाली का? काय प्यायली, कुठं प्यायली?"

"शाळेतून आली, खाली खेळायला गेली. वर आली ती तोंड कोरडं पडलं म्हणत. मग बडबडायला लागली. सारखं एकच म्हणतेय, बाप्पाचं पाणी, बाप्पाचं पाणी." तिने डोळे पुसले. "आमच्याकडे गणपती नसतो. पण तिला फार आवडतो. पाचही दिवस खाली सचिवकाकांच्या घरी आरतीला जात होती. काकू तिला रोज तीर्थ द्यायच्या, मोदक द्यायच्या. तेच डोक्यात बसलं असेल."

"पण त्यांचा गणपती तर काल गेला ना?"

"हो, काल संध्याकाळी. म्हणून तर म्हणते, तापात बडबडतेय."

मलाही तसंच वाटलं. मी ते मनात ठेवलं आणि ठाण्याकडे निघालो.

ठाण्यात आमचे हवालदार माळ्याकडून कबुली काढायच्या तयारीत होते. अशा वेळी कबुली निघतेच, त्यात काही कौशल्य नाही. पण मला कबुली नको होती, मला विषाचं नाव हवं होतं. मारून घेतलेलं उत्तर मी डॉक्टरांना सांगणार कसा? सगळ्यांना बाहेर काढलं, माळ्याला पाणी दिलं आणि समोर स्टुलावर बसवलं. तो उत्तर प्रदेशातल्या बदायूंकडचा होता.

"बच्ची मर जाएगी क्या, साहब?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"सच बोलोगे तो शायद बच जाए. पंप कहाँ धोया?"

"पंप तो इतवार को चलाया था. पीछे नाली पर धोया. टंकी को हाथ भी नहीं लगाया, कसम से. ढक्कन पर ताला है, चाबी सेक्रेटरी साहब के पास रहती है."

"नल तो खुला रहता है."

"नल पर भी कल से मना है. कल दोपहर ही बोल दिया था, दो दिन टंकी की तरफ़ मत आना, बगीचे में पाइप का पानी दो."

"क्यों?"

"यह नहीं बताया, साहब."

खोटं बोलणारा माणूस कारण आपणहून देतो, तेही एकापेक्षा जास्त. याला कारण माहीतच नव्हतं आणि तो ते सरळ सांगत होता. आदल्या दुपारी, म्हणजे मुलगी आजारी पडण्याच्या आधी, सचिवांनी माळ्याला टाकीपासून दूर राहायला सांगितलं होतं. मग ती टाकी बिघडली हे त्यांना ठाऊक होतं, की बिघडणार हे?

मी जीपमध्ये बसलो. तिथून इस्पितळात वायरलेसने निरोप पाठवला. उत्तर आलं, प्रकृती तशीच, ताप वाढतोय.

सोसायटीच्या कार्यालयात व्यवस्थापक मंडळाचे पाचसहा जण जमलेले होते. मी मराठी आहे हे त्यांना एव्हाना कळलं होतं आणि त्यांची भीड चेपली होती.

"अरे वा, तुम्ही आपलेच निघालात की!" एक जण म्हणाला. "चहा घ्या, साहेब. अरे, चहा सांगा रे."

"चहा नको. टाकीत काय आहे?"

"टाकीत? पाणी."

"काल दुपारपासून माळ्याला तिकडे जायला मनाई का केली?"

सगळे सचिवांकडे बघायला लागले. सचिवांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"उद्या समितीची तपासणी आहे, साहेब. टाकीच्या आसपास चिखल नको, म्हणून सांगितलं."

"मुलांना का नाही सांगितलं?"

"मुलांना... म्हणजे ते राहूनच गेलं."

एकाने तेवढ्यात विषय बदलला. या भागात माळी, पहारेकरी कुणाची नीट माहिती न काढता ठेवले जातात, पोलिसांनी लक्ष घालायला हवं, वगैरे. दुसऱ्याने मान डोलावली. मी पुष्कळ टोळ्यांची चौकशी केली आहे. त्यांच्यातला एखादा तरी भीतीने नाहीतर लोभाने फुटतो. इथे सगळे सभ्य, शिकलेले, एकमेकांना सांभाळून घेणारे. एक अडखळला की दुसरा वाक्य पुरं करत होता. असल्या माणसांचं खोटं फोडणं फार कठीण जातं, कारण त्यांना ते खोटं वाटतच नाही.

"टाकीची किल्ली आणा," मी म्हणालो.

"किल्ली... घरी आहे बहुतेक. सापडली पाहिजे. चलो, वरच चला."

वर म्हणजे पहिल्या मजल्यावर त्यांच्या घरी. मला बाहेरच्या खोलीत बसवून ते आत गेले. कपाटं उघडल्याचे, खण ओढल्याचे आवाज येऊ लागले. शिस्तीच्या माणसाला, कचेरीत टाचणीची जागा पाठ असलेल्या माणसाला, किल्ली सापडत नव्हती. कुलूप तोडा असं सांगण्यासाठी मी उठलोच होतो, तेवढ्यात माझी नजर कोपऱ्यात गेली.

गणपतीचं मखर तिथे तसंच होतं. थर्माकोल नाही, कागदाचं, नीटस. आत मूर्ती नव्हती, फक्त पाट होता. आपल्याकडे विसर्जन करून परतताना त्या पाण्याकाठची थोडी माती किंवा वाळू पाटावर घालून घरी आणतात आणि मखरात ठेवतात, हे कुणाला सांगायला नको. माझ्या स्वतःच्या घरी त्या दिवशी सकाळी तसाच पाट होता. आदल्या संध्याकाळी मी यमुनेच्या घाटावर बंदोबस्ताला होतो आणि बायको आमचा गणपती तिथेच घेऊन आली होती. आमच्या पाटावरची वाळू राखेसारखी करडी आणि बारीक होती. यमुनेची वाळू तशीच असते.

या पाटावर वाळू नव्हतीच. एकसारख्या आकाराचे पांढरे खडे होते. चाळणीने चाळून घ्यावेत तसे. आणि त्यांच्या खाली पाटाच्या लाकडावर कोळशाची काळी पूड सांडलेली होती.

खडे आणि कोळसा मी कुठे पाहिले होते ते मला लगेच आठवलं. सचिवांनीच दाखवले होते, हात धरून.

बाप्पाचं पाणी. पोर बडबडत नव्हती. वरच्या मजल्याच्या गॅलरीतून तिने सगळं पाहिलं होतं. तिचा आवडता बाप्पा त्या टाकीत गेला होता आणि तीर्थ मिळायचं बंद झालं होतं. मग ती खाली जाऊन त्याच टाकीचं पाणी प्यायली.

दारात सचिवांच्या पत्नी चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. सगळी सोसायटी त्यांना काकू म्हणे.

"वहिनी," मी म्हणालो, "गणपतीचं विसर्जन कुठं केलंत?"

"यमुनेवर," आतून सचिवांचाच आवाज आला. ते लगबगीने बाहेर आले. "सगळे मिळून गेलो होतो. मेटॅडोर केली होती."

मी काकूंकडेच बघत राहिलो. "वहिनी, चिऊ इस्पितळात काय म्हणतेय माहीत आहे? बाप्पाचं पाणी. एवढंच म्हणतेय. आईला ओळखत नाही. डॉक्टर सुई हातात धरून थांबल्यात. ती द्यावी तर मरेल की न द्यावी तर मरेल, हे त्यांना कळत नाही. तुम्ही सांगा, त्या टाकीत काय आहे?"

त्यांनी कप टेबलावर ठेवला.

"अहो, सांगून टाका," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"तू आत जा."

"मी नाही जाणार. माझ्या हातचे मोदक खात होती ती पोर!" त्या माझ्याकडे वळल्या आणि भडाभडा बोलल्या. "आमचे सगळ्यांचे गणपती टाकीत सोडलेत. शाडूचे आहेत हो, पुण्याहून मागवलेले. नदी किती घाण झालीय, त्यात आपली भर कशाला, असं ठरलं. माती तळाशी बसेल, पाणी झाडांना घालू, म्हणाले. चांगल्या हेतूनं केलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की उद्या समिती येणार. टाकीत पावसाच्या पाण्याशिवाय काही असता कामा नये, असा नियम आहे. आता काढायचं कसं, सांगायचं कसं, म्हणून सगळे गप्प."

सचिव खाली बसले. "मातीच ती, साहेब. माती आणि फुलं. त्यानं कुणाला काय होणार? मला खरंच वाटलं, त्या फवारणीचंच असेल."

"फुलं? निर्माल्यही टाकलंत?"

"टाकलं. सगळ्यांचं एकाच पिशवीत."

"वहिनी, पत्री कुठली होती?"

एकवीस पत्री गणपतीला वाहतात. दिल्लीत त्या मिळवताना प्रत्येक मराठी घराची दरवर्षी दमछाक होते. काकू बोटांवर मोजायला लागल्या. "दूर्वा. बेल. तुळस. शमी मिळालीच नाही. आघाडाही नव्हता. फूलवाला म्हणाला, जे आहे ते देतो. सोसायटीसाठी एकदम पोतं दिलं त्यानं, त्यात बहुतेक सगळा..." त्यांचा हात तोंडाकडे गेला. "धोत्रा. धोत्राच होता. फळांसकट."

दिल्लीत रस्त्याच्या कडेला धोत्रा उदंड वाढतो. त्या काटेरी बोंडांनी भरलेली पिशवी पाऊस नसल्यामुळे तळाशी राहिलेल्या थोड्याशा पाण्यात रात्रभर आणि अर्धा दिवस भिजत पडली होती. आणि नळ टाकीच्या अगदी तळाला होता.

मी त्यांच्याच फोनवरून इस्पितळ लावलं. डॉक्टर आल्या.

"डॉक्टर साहब, धतूरा. बीज समेत."

त्या आधी पलीकडे कुणाला तरी म्हणाल्या, "सुई हटाओ, फेंको." आणि मला, "कनेर तो नहीं था? दिल पर असर करता है, ठीक से पूछिए."

मी विचारलं. काकूंनी आठवून आठवून नाही म्हणून सांगितलं. तरीही मी कुलूप तोडून टाकी उघडली, पंचांसमोर आतलं सगळं बाहेर काढलं. मातीचा लगदा, सडलेली पानं आणि फुटलेली बोंडं. कण्हेर नव्हती. एक बोंड बरणीत घालून हवालदाराला मोटरसायकलवरून इस्पितळात पाठवलं. किल्ली सचिवांच्या सदऱ्याच्या खिशात होती. ती त्यांनी पंचनामा चालू असताना मुकाट्याने माझ्यापुढे धरली.

त्या संध्याकाळी मी इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून राहिलो. ठाण्यात काम पडलं होतं, पण पाय उचलेना. ती सुई धोत्र्यासारखंच काम करते, टोचली असती तर विष दुप्पट झालं असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं; बाकी त्या काय काय करत होत्या ते मला सगळं समजलं नाही. अंग गार पाण्याने पुसत होत्या, सलाइन चालू होतं, शांत झोप लागावी म्हणून काहीतरी दिलं होतं. आई प्रार्थना पुटपुटत होती. काकू आल्या आणि आत जायचं धाडस न होऊन दाराशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. किती वेळ तशा उभ्या होत्या! शेवटी आईनेच त्यांना हाताला धरून आत नेलं. तिला तोवर कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

सकाळी चिऊने आईकडे बघून "आई, पाणी" म्हटलं. आई हमसून हमसून रडली आणि मी बाहेर येऊन जीपच्या चाकाशी उभा राहिलो. डोळे पुसताना कुणी हवालदार बघू नये म्हणून.

पुढचं थोडक्यात सांगतो. माळ्याला मी स्वतः सोडून आलो. त्याच्या कानाला दुखापत झाली होती, त्याची वेगळी तक्रार नोंदवली. समिती ठरल्या दिवशी आली आणि रिकाम्या, उघड्या टाकीपाशी सचिव हजर होते. कुणी विचारायच्या आत त्यांनीच सगळं सांगितलं, आवाज न कापता. प्रमाणपत्र लांबलं, वरच्या मजल्याला नोटीस लागली, काही महिने त्या घरांच्या जिवाला घोर होता. नंतर टाकी स्वच्छ करून, नळावर 'पिण्यासाठी नाही' अशी पाटी लावून, विसर्जनासाठी वेगळा हौद बांधून सोसायटीने प्रमाणपत्र मिळवलं. निष्काळजीपणा आणि पोलिसांना खोटी माहिती देणं याबद्दल सचिवांवर खटला चालला. त्यांनी बचाव केला नाही.

मी शिकलो ते असं. तोवर चौकशी करताना मी शोधत असे की हा माणूस काय लपवतोय. त्यानंतर मी आधी विचारायला लागलो की हा माणूस काय वाचवतोय. उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं. चोर स्वतःला वाचवतो, ते समजायला सोपं असतं. चांगली माणसं चार जणांचं भलं वाचवायला बसली की त्यांच्यापुढे भले भले तपास अधिकारी थकतात. आणि इतक्या चांगल्या योजनेची सवलत जायची भीती घातली की माणसं टाकीतलं पाणी बघायचं सोडून टाकीवरची पाटी पुसत बसतात, हेही मी तिथेच पाहिलं.

चिऊ घरी आल्यावर आईचा जबाब घ्यायला मी वरच्या मजल्यावर गेलो. नागपूरहून परतलेले वडील होते, चिऊ चटईवर चित्र काढत बसली होती. आईला आता सगळं कळलं होतं. जबाब संपत आला तेवढ्यात सचिव दारात आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. हात जोडून तिथेच उभे राहिले.

"माफी कशी मागू कळत नाही," ते म्हणाले. "पण तुमच्या वाईटावर नव्हतो हो मी. प्रमाणपत्र गेलं असतं तर सगळ्यात आधी हाच मजला गेला असता. मी तुमचंच घर वाचवत होतो."

आईने चिऊकडे पाहिलं. चिऊ रंगीत खडूने पान भरत होती, तिचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. आई अजिबात चिडली नाही. शाळेत मुलांना विचारतात तसं तिने शांतपणे विचारलं, "घर वाचलं असतं, काका. मग त्यात आम्ही कुणाला घेऊन राहिलो असतो?"

मी लेखणी हातात धरून होतो, पण हा प्रश्न जबाबात लिहिला नाही.